पडद्यावरचा उजेड कुणाचा?

जानेवारी २०२१मध्ये पणजीत भारताचा ५१वा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. करोनामुळे तो नोव्हेंबरवरून पुढे ढकलावा लागला होता. त्या वर्षीचा जीवनगौरव पुरस्कार इटलीचे छायालेखक व्हित्तोरियो स्तोरारो यांना देण्यात आला. असे मान एरवी दिग्दर्शकांच्या आणि नटनट्यांच्या वाट्याला येतात. आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसाला भारत सरकारच्या महोत्सवाने हा मान दिला, याचा मला मनापासून आनंद झाला.

पण त्याच सरकारचा १९५७चा कॉपीराइट कायदा उघडून बघा. कोणत्या कृतीचा कर्ता कोण, हे त्याच्या दुसऱ्या कलमात सांगितलं आहे. साहित्यकृतीचा कर्ता लेखक, संगीताचा कर्ता संगीतकार, छायाचित्राचा कर्ता ते काढणारा. चित्रपटाचा कर्ता मात्र निर्माता. निर्माता म्हणजे चित्रपट करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, अशी व्याख्याही तिथेच दिली आहे. याचा सरळ अर्थ असा, की स्तोरारोंनी मांडवीच्या काठावर उभं राहून एक फोटो काढला, तर आपल्या कायद्याने ते त्या फोटोचे कर्ते. त्याच जागी, त्याच उजेडात त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा लावला आणि सेकंदाला २४ चित्रं टिपली, तर त्यातल्या एकाचेही ते कर्ते नाहीत.

हे मला अन्यायाचं वाटतं. छायालेखक हा चित्रपटाचा सहकर्ता असतो आणि कायद्याने त्याला तसं मानलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. स्तोरारो स्वतः अनेक वर्षं हाच आग्रह धरत आले आहेत. पण सहकर्ता होणं म्हणजे काय, आणि काय नव्हे, हेही त्यांच्याच कारकिर्दीतून कळतं. त्यातली एक गोष्ट त्यांच्या बाजूची नाही. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

स्तोरारो यांचा जन्म २४ जून १९४०चा, रोमचा. वडील लुक्स फिल्म या कंपनीत प्रोजेक्शनिस्ट होते. पडद्यावर पडणारा उजेड यंत्रातून सोडणं हे त्यांचं रोजचं काम, आणि मुलाने तो उजेड निर्माण करणाऱ्यांत जावं ही त्यांची इच्छा. मुलगा अकराव्या वर्षीच फोटोग्राफीच्या शाळेत दाखल झाला आणि अठराव्या वर्षी रोमच्या चेंत्रो स्पेरिमेंताले या सरकारी चित्रपटशाळेत. पुढे इटालियन चित्रपट धंद्यात मंदी आली तेव्हा कामं आटली. १९६४मध्ये बर्नार्दो बर्तोलुची या तरुण दिग्दर्शकाच्या एका चित्रपटावर त्यांनी कॅमेरा सहायकाचं काम केलं. त्या भेटीतूनच पुढची जवळजवळ तीन दशकांची जोडी जमली.

याच तरुणपणात त्यांनी रोममधल्या सान लुइजी देई फ्रांचेजी या चर्चमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं चित्र पाहिलं. येशू मॅथ्यूला शिष्य म्हणून बोलावतो, तो प्रसंग त्यात आहे. त्याचा परिणाम ते आजही सांगतात. १६०० सालाच्या सुमाराचं ते चित्र. एका अंधाऱ्या खोलीत काही माणसं टेबलाभोवती पैसे मोजत बसली आहेत. उजवीकडून येशू आत येतो आणि त्याच्या डोक्यावरून उजेडाचा एक तिरका पट्टा भिंतीवर पडतो. चित्रात खिडकी आहे, पण उजेड त्या खिडकीतून येत नाही. तो चित्रकाराने ठरवलेल्या जागेवरून येतो, कारण चित्रातल्या घटनेचा अर्थ त्या तिरक्या पट्ट्यात आहे. कोण निवडला गेला आणि कोण अजून अंधारातच राहिला, हे तो पट्टाच सांगतो. उजेडाला स्वतःचं म्हणणं असू शकतं, हे स्तोरारो तिथे शिकले असावेत.

१९७०मध्ये बर्तोलुचींचा 'द कन्फॉर्मिस्ट' आला तेव्हा स्तोरारो तीस वर्षांचे होते. छायालेखक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट दोनच वर्षांपूर्वी झाला होता. कथा मुसोलिनीच्या काळातली. मार्चेल्लो क्लेरिची हा सुशिक्षित माणूस इतरांसारखं होण्यासाठी, गर्दीत मिसळून जाण्यासाठी फॅसिस्टांच्या गुप्त यंत्रणेत शिरतो. पॅरिसमध्ये आश्रयाला गेलेल्या आपल्या जुन्या प्राध्यापकाला, क्वाद्रींना, संपवण्याच्या कामगिरीवर त्याची नेमणूक होते. तो त्यांना भेटायला जातो आणि त्यांच्या अभ्यासिकेत एक प्रसंग घडतो. छायालेखनाचा विषय निघाला की मला सगळ्यांत आधी हाच प्रसंग आठवतो.

मार्चेल्लो प्राध्यापकांना त्यांच्या एका जुन्या व्याख्यानाची आठवण करून देतो. विषय होता प्लेटोची गुहा. जन्मापासून गुहेत जखडलेले कैदी समोरच्या भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग समजतात. हे सांगता सांगता मार्चेल्लो उठतो आणि एका खिडकीची झडप बंद करतो. खोली काळवंडते. आता उजेड एकाच बाजूने येतोय, आणि बोलणाऱ्या मार्चेल्लोची आकृती काळी होऊन भिंतीवर तिची मोठी सावली पडली आहे. प्राध्यापक बोलत बोलत दुसरी खिडकी उघडतात. उजेड आत येतो आणि मार्चेल्लोची सावली भिंतीवरून पुसली जाते.

एक शब्दही न बोलता इथे सगळं सांगून झालं. फॅसिझमच्या भिंतीवर हा माणूस सावली आहे, आणि उजेड आला की तो उरत नाही. हे संवादात लिहिलं असतं तर भाषण झालं असतं. पटकथेत 'खिडकी उघडतो, सावली नाहीशी होते' एवढं लिहिलं असेल असं धरून चालू. पण ती सावली किती मोठी असावी, तिची कड धारदार की मऊ, दुसऱ्या खिडकीतला उजेड किती जोराचा म्हणजे ती एका क्षणात विरघळेल, आणि हे होत असताना प्राध्यापकांचा चेहरा किती दिसावा, हे कागदावर कुणीच लिहू शकत नाही. ते दिवे लावून, झाकून, सरकवून, फिल्मची संवेदनशीलता आणि भिंगाचं तोंड यांचा हिशेब मनात ठेवून ठरवावं लागतं. त्या निर्णयांतूनच प्रसंगाचा अर्थ घडला आहे. ते निर्णय काढून घेतले तर हाती खिडकी उघडणारा एक प्राध्यापक उरतो.

याच चित्रपटात मार्चेल्लोच्या वाग्दत्त वधूच्या घरातला प्रसंगही बघण्यासारखा आहे. तिच्या अंगावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोशाख आहे आणि खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यातून येणारा उजेड सगळ्या खोलीभर पट्टे ओढत जातो. घर, लग्न, मध्यमवर्गीय सुख असं मार्चेल्लो ज्याला म्हणतो, त्याला गजांचं रूप आलं आहे.

मग १९७९चा 'अपोकॅलिप्स नाऊ'. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या या व्हिएतनाम युद्धावरच्या चित्रपटाचं चित्रीकरण फिलिपिन्समध्ये झालं आणि ते हालअपेष्टांसाठी प्रसिद्ध आहे. कर्नल कुर्ट्झच्या भूमिकेसाठी मार्लन ब्रँडो आला तो अपेक्षेपेक्षा पुष्कळ जाड होऊन. जंगलातल्या सैनिकाचं शरीर त्याच्यापाशी नव्हतं. त्याला काळोखात ठेवायचं ठरलं. आधी टक्कल दिसतं, मग पाण्याने भिजलेला हात त्या डोक्यावरून फिरतो, मग अर्धा चेहरा, मग पुन्हा काहीच नाही. प्रेक्षकाला कुर्ट्झ पूर्ण दिसतच नाही आणि म्हणूनच त्याची भीती वाटत राहते. ही कल्पना कपोलांची, ब्रँडोची की स्तोरारोंची, याचा निवाडा आज कुणी करू शकणार नाही, आणि करण्याची गरजही नाही. आपल्याच कायद्यात संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या आहे: दोन किंवा अधिक कर्त्यांनी मिळून केलेली कृती, ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही. कुर्ट्झचा तो काळोख या व्याख्येचं उत्तम उदाहरण आहे.

या चित्रपटासाठी स्तोरारोंना पहिलं ऑस्कर मिळालं. दुसरं १९८१च्या 'रेड्स'साठी, तिसरं १९८७च्या 'द लास्ट एम्परर'साठी. 'रेड्स'च्या वेळची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. रोमच्या टेक्निकलर लॅबमध्ये तेव्हा एक नवी प्रक्रिया तयार झाली. तिथले तंत्रज्ञ एर्नेस्तो नोव्हेल्ली रिमो यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ईएनआर म्हणून ओळखली जाते. रंगीत प्रिंट धुताना तिच्यातली चांदी नेहमी धुऊन काढली जाते. या प्रक्रियेत प्रिंटला कृष्णधवल डेव्हलपरचं एक जादा स्नान दिलं जातं आणि चांदीचा काही भाग प्रिंटवर राहू दिला जातो. त्यामुळे काळा रंग खरोखर काळा होतो आणि बाकीचे रंग जरा मुके होतात. किती चांदी ठेवायची हे कमीजास्त करता येतं. म्हणजे छायालेखकाचं काम सेटवर पॅकअप झाल्यावर संपत नव्हतं, ते लॅबच्या टाकीपर्यंत चालू होतं. आज त्या टाकीच्या जागी संगणकावरचं ग्रेडिंग, म्हणजे चित्रीकरणानंतर रंग आणि उजेड पक्के करणं, आलं आहे. प्रश्न मात्र तोच आहे: ग्रेडिंगच्या खोलीत शेवटचा शब्द कुणाचा?

'द लास्ट एम्परर'मध्ये तर रंगच चरित्र सांगतात. चित्रपट सुरू होतो १९५०मध्ये. कैदी म्हणून आणलेला चीनचा शेवटचा सम्राट पू यी मनगटाची शीर कापून घेतो. रक्ताच्या लाल रंगातून आपण थेट त्याच्या बालपणात जातो. पिवळा हा फक्त सम्राटाचा रंग, म्हणून धाकट्या भावाने पिवळं घातलेलं त्याला खपत नाही. स्कॉटिश शिक्षक जॉन्स्टन येतो तेव्हा हिरवा येतो. निषिद्ध नगरीच्या भिंतींच्या आत पू यीवर पुरतं ऊन पडत नाही, छपरांच्या नि छत्र्यांच्या सावलीत तो वाढतो. आयुष्य पुढे सरकतं, त्याला स्वतःविषयी कळू लागतं, तसा त्याच्यावरचा उजेड आणि सावली यांचा तोल बदलत जातो. प्रेक्षकाला हे सगळं जाणीवपूर्वक कळलं नाही तरी बिघडत नाही. त्याच्यावर परिणाम होतो. आणि तो परिणाम एका माणसाने महिनोन्‌महिने विचार करून घडवलेला असतो.

यावर निर्माते काय म्हणतात ते मी ऐकलं आहे, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. चित्रपटाला शेकडो हात लागतात. पैसा एकाचा अडकतो. प्रत्येकाला कर्ता मानायचं तर चित्रपट विकायचा कसा? एखाद्या ओटीटीला हक्क द्यायचे तर वीस सह्या गोळा करत फिरायचं का? छायालेखक तर ठरलेला मेहनताना घेऊन काम करतो, मग नंतर हक्क कसला?

उत्तर आपल्याच कायद्यात आहे. फोटोग्राफरचंच घ्या. कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोची मालकी मोबदला देणाऱ्याकडे जाते, पण कर्ता मात्र फोटोग्राफरच राहतो. मालकी आणि कर्तृत्व या दोन गोष्टी कायदा सहज वेगळ्या ठेवतो. कर्त्याला ५७व्या कलमाने दोन हक्क मिळतात, आणि ते मालकी विकल्यावरही त्याच्याकडेच राहतात. कृती माझी आहे असं सांगण्याचा एक, आणि माझ्या लौकिकाला बाध येईल अशी तिची मोडतोड होत असेल तर दाद मागण्याचा दुसरा. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९मध्ये उखडून गोदामात टाकलं गेलं. शिल्पाची मालकी सरकारची होती. तरीही २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला, शिल्पाचे अवशेष कलावंताला परत करायला सांगितले आणि पाच लाखांची भरपाई देवविली. त्या निकालाने सरकारी इमारतींचे व्यवहार थांबले नाहीत.

शिवाय २०१२मध्ये आपण हा कायदा दुरुस्त केला आहे. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर झगडा केला. तेव्हापासून गीतकार, संगीतकार आणि लेखक यांचा चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. त्याच दुरुस्तीने नटांनाही आपल्या सादरीकरणाच्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मिळाला. तेव्हाही चित्रपट धंदा बुडेल असं सांगितलं जात होतं. तो बुडाला नाही. 'सैराट'ची गाणी कुठेही वाजली तर त्या चालींवर अजय-अतुल यांचा हक्क कायदा मान्य करतो, आणि ते योग्यच आहे. पण करमाळ्याच्या परिसरातलं ते रान, ती विहीर, ते ऊन ज्यांनी पडद्यावर आणलं, त्या सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा त्या चित्रांवर आपल्या कायद्याने कसलाही हक्क नाही.

खरं तर २०१०च्या मूळ विधेयकात निर्मात्याबरोबर प्रमुख दिग्दर्शकालाही चित्रपटाचा कर्ता मानण्याचा प्रस्ताव होता. निर्मात्यांनी विरोध केला, संसदीय स्थायी समितीनेही ती तरतूद वगळायला सांगितलं आणि ती गेली. दिग्दर्शकच आत येऊ शकला नाही, तिथे छायालेखकाला कोण विचारतो.

त्याची किंमत काय, ते ऑगस्ट २०२५मध्ये दिसलं. २०१३च्या 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती हक्क असलेल्या कंपनीने पुन्हा प्रदर्शित केली, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून तिचा शेवट बदलला. मूळ चित्रपटात मरणारा नायक नव्या शेवटात जगतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष यांनी जाहीर निषेध केला. पण कायद्यातला कर्ता निर्माता आहे, म्हणून दिग्दर्शकाच्या हाती निषेधापलीकडे फारसं काही नव्हतं. नटराजन सुब्रमण्यम आणि विशाल सिन्हा यांनी टिपलेल्या चित्रांवर यंत्राने नवी चित्रं चिकटवली, आणि त्यांची परवानगी घ्यायला कायदा कुणालाच भाग पाडत नाही. उद्या एखाद्या जुन्या मराठी चित्रपटातली रात्र यंत्राने दिवसासारखी उजळ केली, तरी हेच होईल. पूर्वी हे करायला फार खर्च यायचा, हेच काय ते संरक्षण होतं. ते आता राहिलेलं नाही.

आता स्तोरारोंच्या बाजूची नसलेली ती गोष्ट. १९९८च्या सुमारास स्तोरारोंनी युनिव्हिजियम नावाची कल्पना मांडली. मोठ्या पडद्याची चौकट वेगळी, टीव्हीची वेगळी, त्यामुळे घरी बघताना चित्रपट कुठून तरी कापला जातोच. मग सगळ्यांसाठी एकच चौकट ठरवू या, रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट. लिओनार्दो दा विंचीच्या शेवटच्या भोजनाच्या भित्तिचित्राचं प्रमाण जवळपास असंच आहे, हा त्यांचा आवडता दाखला. कल्पना चांगली होती. नव्या कामासाठी ती कुणीही स्वीकारावी, आणि पुढे ही चौकट अनेक ओटीटी मालिकांनी वापरलीही. पण स्तोरारोंनी ती मागे जाऊन लागू केली. 'अपोकॅलिप्स नाऊ' चित्रपटगृहात जवळजवळ २.३५ : १ या रुंद चौकटीत दिसला होता. त्याच्या डीव्हीडी स्तोरारोंच्या आग्रहाने २ : १मध्ये आल्या. २००८मध्ये 'द लास्ट एम्परर'च्या प्रतिष्ठित डीव्हीडीचंही तेच झालं. दोन्ही कडा मिळून चित्राच्या रुंदीचा जवळजवळ सातवा भाग गेला.

त्यावर चित्रपटप्रेमींनी गदारोळ केला, आणि माझ्या मते ते बरोबर होते. सकाळच्या आकाशात ओळीने येणारी हेलिकॉप्टरं, निषिद्ध नगरीच्या अंगणात हजारो माणसांच्या रांगा, हे रुंदीचं वैभव आहे. दोन्ही टोकं गेली की रांग लांब वाटत नाही. ज्यांनी ते चित्रपट चित्रपटगृहात पाहिले होते त्यांच्या डोळ्यांसमोर एक चौकट होती, आणि ती नंतर कुणी एकट्याने बदलावी हे मला पटत नाही. मग बदलणारा स्तोरारोंसारखा थोर माणूस का असेना. २०१०मध्ये 'अपोकॅलिप्स नाऊ'ची ब्लू-रे निघाली तेव्हा मूळची रुंद चौकट परत आली. चांगलं झालं.

निर्मात्यांच्या बाजूचे लोक या प्रकरणाकडे बोट दाखवून म्हणतील, बघा, यांच्या हाती हक्क दिले तर हे असं होतं. मला यातून उलट निष्कर्ष दिसतो. स्तोरारो ते करू शकले, कारण चौकटीवर कुणाचा हक्क आणि कितपत, याचा कुठेच नियम नव्हता. ज्याचं वजन जास्त त्याचा शब्द चालला. आपल्याकडे ते वजन निर्मात्याचं असतं, तिथे त्या दिवशी स्तोरारोंचं होतं. संयुक्त कर्तृत्व कायद्यात असतं, तर दिग्दर्शकाच्या संमतीशिवाय छायालेखकालाही चौकट कापता आली नसती. सहकर्ता म्हणून मिळणारा हक्क हा मुळात इतर सहकर्त्यांशी बांधलेला हक्क आहे. म्हणूनच तो एकट्या मालकाच्या हक्कापेक्षा कलाकृतीला जास्त जपतो.

जगात हे कुठे झालंच नाही असंही नाही. इटलीत मात्र झालेलं नाही. तिथल्या १९४१च्या कायद्यात चित्रपटाचे सहकर्ते म्हणून कथाकार, पटकथाकार, संगीतकार आणि दिग्दर्शक हे चौघे येतात. काराव्हाज्जोच्या देशात छायालेखक त्या यादीत नाही, याची खंत स्तोरारोंनी वेळोवेळी बोलून दाखवली आहे. पण पोलंडच्या १९९४च्या कायद्यात सहकर्त्यांच्या यादीत दिग्दर्शकाच्या लगोलग छायालेखकाचं नाव आहे. जपानचा कायदा दिग्दर्शन, छायाचित्रण, कलादिग्दर्शन यांची जबाबदारी घेऊन चित्रपटाच्या एकूण घडणीत सर्जनशील भर घालणाऱ्यांना कर्ते मानतो, आणि आर्थिक हक्क निर्मात्याकडे राहण्याची सोयही तिथे आहे. जर्मनीत 'दास बूट' या पाणबुडीच्या चित्रपटाचे छायालेखक योस्ट व्हाकानो यांनी चित्रपटाच्या अफाट यशातला न्याय्य वाटा मागत वर्षानुवर्षं खटला लढवला, आणि न्यायालयांनी त्यांची मागणी उडवून लावली नाही. पोलंडचा, जपानचा, जर्मनीचा चित्रपट यामुळे बंद पडलेला नाही.

आपल्याकडे या विस्मरणाची परंपरा पहिल्या दिवसापासूनची आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. दादासाहेब फाळके हे नाव मराठी घराघरांत माहीत आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्या चित्रपटाचा कॅमेरा चालवला त्र्यंबक बी. तेलंग यांनी. फाळक्यांनी त्यांना कॅमेरा शिकवला होता. देशातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाच्या छायालेखकाचं नाव किती मराठी माणसांना सांगता येईल? फाळक्यांच्याच नावाचा पुरस्कार पहिल्यांदा एका छायालेखकाला मिळाला तो २००८ सालचा, आणि तोही जाहीर झाला २०१०मध्ये. ते होते व्ही. के. मूर्ती. 'कागज के फूल'मध्ये स्टुडिओच्या अंधारात वरून कोसळणारा उन्हाचा तो झोत त्यांनी आरशांनी खरं ऊन आत वळवून आणला होता. गुरुदत्त यांच्याबद्दल लिहिताना आपण त्या झोताचं वर्णन हमखास करतो, आणि पुष्कळदा तो गुरुदत्तांच्याच नावावर जमा करून मोकळे होतो.

यात समीक्षकांचाही दोष आहे. चित्रपटाविषयीच्या मराठी लेखनात 'छायाचित्रण नेत्रसुखद' हे दोन शब्द लिहिले की काम झालं असं समजलं जातं. उजेड कुठून येतो, चौकट काय सोडून देते, एखाद्या प्रसंगात चेहरा अंधारात का ठेवला, हे लिहायला वेळ लागतो आणि पुन्हा पाहावं लागतं. आपल्याच पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या जागेवर, १९६०मध्ये स्थापन झालेली, छायालेखन शिकवणारी एफटीआयआय ही सरकारी चित्रपटसंस्था आहे. तिथे शिकलेल्यांनी या देशाची नजर घडवली. त्यांच्या कामाविषयी जाणून लिहिणारे मात्र मराठीत फार थोडे झाले.

कायदा बदलायला वेळ लागेल हे मला माहीत आहे. दुरुस्ती करायची तर ती अवघडही नाही. चित्रपटाचे कर्ते म्हणून निर्मात्याबरोबर दिग्दर्शक आणि छायालेखक यांची नावं घालावीत. विक्रीचे आणि प्रदर्शनाचे हक्क करारानुसार निर्मात्याकडे राहावेत, म्हणजे ओटीटीशी व्यवहार करायला एकच सही पुरेल. ५७व्या कलमाचे दोन हक्क तिघांनाही मिळावेत. चौकट, रंग किंवा शेवट बदलायचा असेल तर हयात असलेल्या सहकर्त्यांची लेखी संमती लागावी, आणि ते हयात नसतील तर बदललेल्या आवृत्तीबरोबर मूळ आवृत्तीही उपलब्ध ठेवण्याची सक्ती असावी. चित्रपटगृहाबाहेरच्या कमाईतला वाटा गीतकार-संगीतकारांना मिळतो तसा यांनाही मिळावा.

तोवर जे करारात करता येतं ते तरी मराठी निर्मात्यांनी करावं. मराठी चित्रपटांचे व्यवहार लहान असतात, माणसं एकमेकांना ओळखतात, त्यामुळे सुरुवात इथूनच होऊ शकते. चित्रीकरण संपल्यावर ग्रेडिंगच्या खोलीत बसण्याचे दिवस करारात धरले जात नाहीत, अशी छायालेखकांची तक्रार असते. ते पुढच्या कामावर निघून जातात, किंवा पदरमोड करून येऊन बसतात, आणि बऱ्याचदा रंगांचा निर्णय दुसरंच कुणी घेतं. हे दिवस करारात धरावेत आणि त्यांचे पैसे द्यावेत. ग्रेडिंगची अंतिम प्रत दिग्दर्शक आणि छायालेखक या दोघांच्या सहीने मंजूर व्हावी. आणि ती सही झालेली एक प्रत, चौकटीच्या प्रमाणाची नोंद करून, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा करावी, म्हणजे पन्नास वर्षांनी तो चित्रपट दुरुस्त करायला बसणाऱ्या माणसाला हा प्रसंग मुळात किती अंधारा होता ते बघता येईल.